पुढे जाणारे घड्याळ

'प्रवरा' यानाच्या चौथ्या मजल्यावर, जलशुद्धी विभागाच्या पाठीमागे एक अरुंद खोली होती. मूळ आराखड्यात ती सुटे नळ ठेवण्यासाठी होती. रेवा धायगुडे हिने ती मागून घेतली आणि तिथे ती घड्याळे दुरुस्त करू लागली.

घड्याळ दुरुस्त करण्याची गरज यानावर कुणालाच नव्हती. वेळ भिंतींवर दिसे, दारांवर दिसे, जेवणाच्या ताटाच्या कडेवरही उमटे. यानाच्या मध्यभागी कालकक्ष होता. तिथून दर सेकंदाला एक अदृश्य ठोका सुटे. त्याला सगळे 'कालस्पंद' म्हणत. छतावरच्या कृत्रिम आकाशापासून भात शिजवणाऱ्या यंत्रापर्यंत यानावरची प्रत्येक वस्तू त्या ठोक्याशी आपला ताल जुळवून घेई. चावीच्या घड्याळाला मात्र कालस्पंद ऐकू येत नाही. ते आपल्या पोटातल्या कमानीवर चालते आणि बाहेर काय चालले आहे याची त्याला दादही नसते. रेवाला त्याची हीच गोष्ट आवडे.

पृथ्वी सोडताना प्रत्येक प्रवाशाला एक लहानशी पेटी भरून खासगी सामान घेण्याची मुभा होती. कुणी फोटो घेतले, कुणी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, कुणी लग्नातला शालू. रेवाने पत्र्याचा एक डबा घेतला. त्यात टोकदार पोलादी चिमटे होते, गव्हाच्या दाण्यात मावेल एवढ्या पात्याचे पेचकस होते, डोळ्याच्या खोबणीत धरायचे भिंग होते, आणि तेलाचा थेंब नव्हे तर थेंबाचा विचार उचलावा इतकी बारीक सळई होती. बाकीच्या जागेत तिने पुण्याच्या जुन्या बाजारातून वर्षानुवर्षे गोळा केलेली बंद घड्याळे, सुटी चाके, चाव्या, काचा आणि कमानी ठासून भरल्या होत्या. डबा बघून तिचा नवरा दामोदर म्हणाला होता, "नव्या ग्रहावर भंगाराचं दुकान टाकणार काय?"

दामोदर गाणारा माणूस. कृष्णाकाठच्या भिलवडीत जन्मला, तिथेच वाढला. यानावर तो संगीत शिकवी. त्याला कुठेच जायचे नव्हते. रेवाला मात्र लहानपणापासून एकच वेड होते, कुणीही न पाहिलेल्या जागी पाय ठेवायचा. 'पल्लवी' नावाच्या त्या दूरच्या ग्रहाकडे जाणाऱ्या पहिल्या यानावर पाण्याचे काम बघणारी माणसे हवी आहेत असे कळले, तेव्हा ती आठवडाभर नीट जेवलीच नाही. शेवटी दामोदरच म्हणाला, "जाऊ या. तू इथं राहिलीस तर अर्धीच राहशील." निघताना नदीच्या घाटावर तो खूप वेळ बसला होता. त्यानंतर त्याने नदीचा विषय काढला नाही. फक्त वांग्याची भाजी ताटात आली की चव घेऊन म्हणे, "आमच्याकडची वांगी खायला हवी होतीस तू." जणू रेवाने ती कधी खाल्लीच नव्हती.

प्रवासाची काही वर्षे अशीच गेली आणि मग रेवाच्या मनगटावरचे घड्याळ पुढे जाऊ लागले.

आरंभी तिने फारसे मनावर घेतले नाही. चावीचे घड्याळ थोडे पुढेमागे होतेच. त्याच्या पोटात एक लहानसे चाक असते. ते पूर्ण फिरत नाही. झोपाळ्यासारखे इकडून तिकडे हेलकावत राहते. या तोलचक्राला माणसाच्या केसासारखी बारीक, गुंडाळलेली केशकमान जोडलेली असते, आणि तिच्या ताणावर झोपाळ्याचा वेग ठरतो. शेजारी एक इवलासा नियामक काटा असतो. तो एका बाजूला सरकवला की घड्याळ संथ होते, दुसऱ्या बाजूला सरकवला की जलद. रेवाने तो संथ बाजूला जरासा सरकवला.

महिनाभराने घड्याळ पुन्हा पुढे. तिने काटा आणखी सरकवला. पुन्हा पुढे.

कमानीत चुंबकत्व शिरले असेल, असे तिला वाटले. तसे झाले की कमानीचे वेढे एकमेकांना चिकटतात, कमान आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ धावत सुटते. तिने तांब्याची तार गुंडाळून एक वेटोळे बनवले, त्यातून घड्याळ फिरवून चुंबकत्व घालवले. फरक पडला नाही. तिने घड्याळ संपूर्ण खोलले, प्रत्येक चाक धुतले, चाकांचे आस ज्यांत फिरतात त्या माणकांची छिद्रे बांबूच्या अणकुचीदार काडीने साफ केली, नवे तेल दिले. घड्याळ अधिकच डौलात चालू लागले आणि तितक्याच डौलात पुढे गेले.

एक दिवस नियामक काटा टोकाला जाऊन टेकला. त्यापुढे सरकायला जागाच उरली नाही. तेव्हा तिने डब्यातून सगळ्यांत पातळ चकत्या काढल्या आणि तोलचक्राच्या कडेच्या स्क्रूंखाली त्या एकेक करून बसवल्या. झोपाळ्यावर जड माणूस बसला की झोका सावकाश जातो, तसे चाक जड झाले की घड्याळ संथ होते. हे काम करताना श्वाससुद्धा बेताने घ्यावा लागतो. चकती उडाली की सापडत नाही. ते जमले तेव्हा ती एकटीच हसली. पण काही महिन्यांनी घड्याळ पुन्हा पुढे होते.

मग ज्या गोष्टीने सुरुवात करायला हवी होती ती तिने केली. डब्यातली आणखी काही घड्याळे दुरुस्त करून चालती केली. एक जाडजूड, फौजी धाटणीचे. एक नाजूक, बायकांचे. एक कुणाच्या तरी निवृत्तीला मिळालेले, पाठीवर नाव कोरलेले. वेगवेगळ्या कारखान्यांची, वेगवेगळ्या काळातली. त्यानंतर त्यांना तिने हात लावला नाही, नुसती चावी देऊन शेजारी शेजारी ठेवली.

सगळी पुढे गेली, आणि सगळी सारखीच पुढे गेली.

रेवा स्टुलावर टेकली. एक घड्याळ बिघडू शकते. पण एकमेकांना कधीही न भेटलेली इतकी घड्याळे ठरवून एकसारखी बिघडत नाहीत.

*

कालकक्षाचे प्रमुख डॉ. सलील बोरवणकर हे उंच, किंचित वाकलेले गृहस्थ होते. त्यांच्या कक्षात कमालीची शांतता असे. रेवाने टेबलावर घड्याळे ओळीने मांडली आणि म्हणाली, "बोरवणकरसाहेब, ही सगळी पुढे जातायत. मला आधी वाटलं, यानाच्या वेगामुळे असेल. इतक्या वेगात काळ संथ होतो म्हणतात ना?"

"होतो," बोरवणकर म्हणाले. त्यांनी निवृत्तीचे घड्याळ उचलून कानाशी धरले. "पण तो पृथ्वीवरच्या काळाच्या मानानं. आपलं इकडं एक वर्ष सरतं तेव्हा तिकडं कितीतरी वर्षं सरतात. पण तुमचं घड्याळ आणि माझं कालयंत्र एकाच यानात बसलंय. संथ व्हायची तर दोघं सारखीच संथ होतील. त्यांच्यात फरक पडणार नाही."

"म्हणजे दोघांपैकी एक चुकतंय."

"हो."

"माझी घड्याळं चुकत नाहीत," रेवा म्हणाली. "मी सगळं तपासलंय."

बोरवणकरांनी घड्याळ खाली ठेवले. "मला वाटलं होतं, कुणीतरी गाणारं येईल. किंवा स्वयंपाकी येईल. घड्याळवालं कुणी येईल असं डोक्यातच आलं नव्हतं. बसा, धायगुडेबाई. चहा घेता?"

चहा आला. बोरवणकर बोलू लागले तेव्हा त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. हे कुणाशी तरी बोलायचे त्यांच्या मनात फार दिवस असावे.

"पल्लवीवरचा दिवस आपल्या दिवसापेक्षा मोठा आहे. आपल्या हिशोबानं सत्तावीस तासांचा. माणसाच्या शरीरात एक घड्याळ असतं. झोप, भूक, ताप, सगळं त्यावर चालतं. ते चोवीस तासांना बांधलेलं. एकदम सत्तावीस तासांच्या जगात उतरवलं तर लोक आजारी पडतील, पिकंसुद्धा बिचकतील. पण रोज किंचित, अगदी कळणार नाही इतका दिवस वाढवत नेला, तर शरीर मुकाट्यानं मागोमाग येतं. याला आम्ही दिनविस्तार म्हणतो."

"मग सरळ सांगायचं ना, आज दिवस चोवीस तास नि वर दोन मिनिटांचा आहे म्हणून."

"ते करून बघितलं होतं. निघण्याआधी, पृथ्वीवर, एका बंद वसाहतीत. ज्यांना दिवस वाढतोय हे माहीत होतं त्यांना झोप येईना. रोज मोजत बसायचे, थकायचे, चिडायचे. ज्यांना सांगितलंच नव्हतं ते मजेत राहिले. म्हणून इथं तासांची संख्या बदललेली नाही. दिवस चोवीस तासांचाच आहे. सेकंद लांबतोय." त्यांनी बोटाने टेबलावर ठोके दिले. "कालस्पंद जरा जरा उशिरा सुटतो. यानावरचं सगळं त्याच्या मागं चालतं, म्हणून कुणाला फरक दिसत नाही. तुमच्या घड्याळांनी मात्र जुनाच सेकंद धरून ठेवलाय."

रेवाला मागचे कितीतरी महिने कानावर येणारी बोलणी आठवू लागली. भात हल्ली मऊ होतो, अशी भोजनगृहात तक्रार होती. दोरीवरच्या उड्यांमध्ये मुली दर काही महिन्यांनी नवा उच्चांक करत होत्या. त्यांच्या मिनिटातच जास्त उड्या मावत होत्या. तपासणीला गेलेल्या प्रत्येकाची नाडी जरा जलद निघे.

"औषधांचं काय?" तिने एकदम विचारले. "दर आठ तासांनी घ्यायचं औषध..."

"मुजावर डॉक्टरना माहीत आहे. त्या मात्रा बदलत असतात. त्या, मी आणि कप्तान तेरेझा फर्नांडिस, एवढ्यांनाच ठाऊक आहे. आता तुम्ही चौथ्या."

"आणि सेकंद किती लांबवायचा हे रोज कोण ठरवतं? तुम्ही?"

"नाही. माणसाच्या हातात ठेवलेलंच नाही ते. कुणीतरी घाई केली असती, कुणीतरी दया दाखवली असती. यंत्राला पल्लवीपासूनचं अंतर कळतं. एक ठरावीक टप्पा ओलांडला की त्याचं काम सुरू होतं. अंतर जितकं कमी, तितका सेकंद लांब. तिथं पोचू तेव्हा आपला दिवस बरोबर तिथल्या दिवसाएवढा झालेला असेल. बस्स, एवढा साधा नियम आहे." बोरवणकरांनी घड्याळे तिच्याकडे सरकवली. "एक विनंती करू? तुमच्या मनगटावरचं घड्याळ लोक बघतात. ते यानाच्या वेळेशी जुळवून ठेवा. जमेल?"

जमणार होते. डब्यात चकत्या भरपूर होत्या.

परत येताना रेवाच्या मनात भीती नव्हती, रागही नव्हता. मधल्या मजल्यावरच्या बागेत ती थांबली. कृत्रिम आकाशात दुपार होती, तीच सोनेरी, रेंगाळलेली दुपार. आपण रोज थोडे थोडे त्या ग्रहासारखे होत चाललो आहोत, असे तिच्या मनात आले. अजून तो दिसतही नाही, पण त्याचा दिवस आधीच येऊन आपल्या अंगावर पसरला आहे. ती बराच वेळ तिथे उभी राहिली.

*

त्यानंतरची वर्षे रेवाला नेहमी स्वप्नासारखी आठवत. दिवस लांबत होते आणि ते तिला एकटीला कळत होते. पहाटेचा गुलाबी प्रकाश भिंतींवर अधिक वेळ रेंगाळे. लोक अधिक वेळ झोपत, आणि सकाळी न्याहारीला आले की लांबलचक स्वप्ने सांगत. कुणाच्या स्वप्नात आगगाडी स्टेशनात शिरायची आणि तिचे डबे संपायचेच नाहीत. कुणी आंब्याच्या झाडावर चढायला लागे आणि ढगापर्यंत पोचे. दामोदरच्या स्वप्नात नदी येई. तो तिच्यात पोहत असे, पण पलीकडचा काठ येत नसे, आणि त्याचे त्याला वाईटही वाटत नसे.

आणि दामोदरचा आवाज फुलला.

तो तानपुरायंत्राच्या साथीने गाई. ते लहानसे यंत्रही कालस्पंदाशी बांधलेले होते. सेकंद लांबला की सेकंदातली कंपने जुन्या मानाने कमी होत, म्हणजे यंत्राचा षड्ज हळूहळू खाली उतरत होता. वर्षाकाठी इतका थोडा, की कानाला कळावे असे काहीच नव्हते. गळ्याला मात्र कळे. ज्या तार षड्जाशी दामोदर आयुष्यभर झगडला, जो त्याला दहांतल्या चार मैफलींत हुलकावणी देई, तो आता सहज हाती येऊ लागला. मग त्याच्यावरचे स्वरही.

"वय वाढतंय तसा गळा खुलतोय बघ माझा," एका सकाळी तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "आमचे बुवा म्हणायचे, पन्नाशीनंतर गाणं येतं. खोटं वाटायचं."

रेवाच्या ओठांवर शब्द आले होते. तिने घरातच कागदावर आकडे मांडून पाहिले होते. सत्तावीस आणि चोवीस, म्हणजे नऊ आणि आठ. षड्ज आणि ऋषभ यांच्यात बरोबर हेच नाते असते. पल्लवीवर पोचेपर्यंत दामोदरचा सूर अख्खा एक स्वर खाली आलेला असणार होता.

"काय झालं? गप्प का?" त्याने विचारले.

"काही नाही. म्हण ना पुन्हा."

तो पुन्हा गायला. यानावरचे लोक त्याच्या वर्गाबाहेर थांबून ऐकत. ज्याने तिच्यासाठी नदी सोडली होती, त्या माणसाला या प्रवासाने काहीतरी दिले होते. ते काढून घ्यायला तिचे मन धजेना.

दर महिन्याला ती आपल्या खोलीत जाई, भिंग डोळ्याला लावी आणि तोलचक्र आणखी एका चकतीने जड करी.

*

मग कधीतरी दामोदर पाण्याचे पेले घशाखाली उतरवत वर्गातून लवकर येऊ लागला. तार षड्ज लागताना आवाज चिरकतो, म्हणाला. मुजावर डॉक्टरांनी घसा तपासला, काही नव्हते. त्याने मिठाच्या गुळण्या केल्या, मौन पाळले, रियाज वाढवला. रियाज वाढवला तसा घसा अधिक थकला.

एका संध्याकाळी भोजनगृहातल्या मैफलीत तो चीज अर्ध्यावर सोडून थांबला. लोक समजूतदारपणे वाट बघत राहिले. त्याने तानपुरायंत्र बंद केले, हात जोडले आणि उठून गेला.

"संपलं," घरी आल्यावर तो रेवाला म्हणाला. "दिव्याची वात विझायच्या आधी मोठी होते ना, तसं झालं असणार माझं. मी उगाच भाव खात होतो. उद्यापासून मुलांना नुसते पलटे शिकवीन. गाणार नाही."

"असं नको बोलूस."

"मला राग नाही आलेला, रेवा. पण आता ते तानपुरायंत्र माझ्यासमोर नको. आत ठेवून दे."

दुसऱ्या दिवशी रेवा खोलीत आली ती घड्याळाला नवी चकती बसवायला. दामोदरच्या घशाच्या काळजीत कितीतरी महिने ते जुळवायचे राहून गेले होते. भिंतीवरची वेळ आणि मनगटावरची वेळ तिने ताडून पाहिली आणि तिला वाटले, आपण काटे उलटे वाचतो आहोत.

घड्याळ मागे पडले होते.

तिने मागच्या वेळची चकती जास्त जाड बसली असेल असे धरून ती काढली. काही दिवसांनी पाहिले, घड्याळ पुन्हा मागे. तेल आटले असेल म्हणून तेल दिले. चाकाच्या आसाचे टोक झिजले असेल म्हणून ते भिंगाखाली धरून पाहिले. ते आरशासारखे चकचकीत होते. तिने आणखी एक चकती काढली. आणखी एक. वर्षानुवर्षे श्वास रोखून बसवलेल्या चकत्या ती आता उलट क्रमाने काढत होती, आणि त्या बशीत पडताना नखावर नख घासल्याएवढाही आवाज होत नव्हता.

सेकंद लांबायचा थांबला असता, तर घड्याळ नुसते जुळून राहिले असते. पण ते मागे पडत होते. म्हणजे सेकंद आखूड होत होता. यानाचा दिवस लहान होत चालला होता.

अंतर जितके कमी, तितका सेकंद लांब. माणसाच्या हातात ठेवलेलेच नाही ते.

रेवाने चिमटा खाली ठेवला. घड्याळ रुमालात गुंडाळले आणि ती कालकक्षाकडे निघाली.

*

"आपण कुठं चाललोय?" तिने बोरवणकरांना विचारले.

तिच्याकडे न बघता ते उठले, दार लावून आले आणि पुन्हा बसले. एवढ्या काळात ते बरेच म्हातारे दिसू लागले होते.

"मलाही कुणी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "तुमच्यासारखंच मलाही आकड्यांवरून कळलं. एके दिवशी दिनविस्तार थांबला, आणि थोड्या दिवसांनी उलटा चालू लागला. यंत्र बिघडलं म्हणून मी कप्तानांकडं धावत गेलो. त्या म्हणाल्या, यंत्र ठीक आहे."

"पल्लवीपासून आपण लांब जातोय."

"हो."

"पृथ्वीकडं?"

बोरवणकरांनी होकारार्थी मान हलवली. मग सावकाश सगळे सांगितले. 'प्रवरा'च्या पुष्कळ आधी पल्लवीकडे एक अग्रदूत यान पाठवलेले होते, माणसांशिवायचे. त्याचा संदेश आला होता. तिथल्या समुद्रातून दर काही वर्षांनी विषारी वायू वर येतो आणि किनाऱ्यांवर पसरतो. दुरून ते दिसले नव्हते. तिथे उतरून माणसे जगली नसती. परतीपुरते इंधन राखून ठेवायचे हा नियम पहिल्यापासून होता. कप्तानांनी यान हळूहळू थोपवले आणि वळवले. यानातले वजन यान स्वतःभोवती फिरण्यामुळे मिळत होते, त्यामुळे कुणाला धक्काही जाणवला नाही.

"आणि सांगितलं का नाही?"

"वळल्यावर इंजिनं पुन्हा पूर्ण जोरानं चालतील याची खात्री नव्हती. ती चालली नसती तर आपण ना इकडचे ना तिकडचे. ती भीती सगळ्यांना कशाला, असं त्यांचं म्हणणं. आता इंजिनं नीट चालतायत. दिवस पुन्हा चोवीस तासांचा झाला की सांगू म्हणतायत."

"मी तोपर्यंत थांबणार नाही," रेवा म्हणाली.

"धायगुडेबाई..."

"माझ्या नवऱ्यानं गाणं सोडलंय, बोरवणकरसाहेब. त्याला वाटतं आवाज गेला. त्याचा आवाज जिथं होता तिथंच आहे. तुमचा षड्ज वर चढतोय." तिचा आवाज फुटला, पण रडू तिला दामोदरसाठी आले की त्या दूरच्या ग्रहासाठी, हे तिला सांगता आले नसते. "कप्तानांना म्हणावं, मी आज घरी सांगणार. मग ते लपणार नाही. त्यांनी सगळ्यांना सांगितलेलं बरं."

बोरवणकरांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झाले. "म्हणतो," ते म्हणाले. "आत्ताच जाऊन म्हणतो."

*

दामोदर बागेतल्या बाकावर सापडला. रेवाने त्याच्या शेजारी बसून सारे सांगितले, पहिल्या चकतीपासून; यान वळल्याचे तेवढे मागे ठेवले. सेकंद, सूर, उतरलेला षड्ज, चढणारा षड्ज.

"म्हणजे माझा गळा खुलला नव्हताच," तो शेवटी म्हणाला.

"नाही."

"आणि गेलाही नाही."

"नाही."

"तुला तेव्हाच माहीत होतं."

"हो. तू इतका खूश होतास..."

तो दुखावला होता. ते लपवण्याचा त्याने प्रयत्न केला नाही, आणि रेवानेही दुसरीकडे पाहिले नाही. मग तो म्हणाला, "पण आता वर चढतोय तो कशानं? दिवस वाढतोय तर सूर उतरत जायला पाहिजे."

हा प्रश्न तो विचारेल हे तिला ठाऊक होते. तिने उत्तर दिले. "दिवस लहान होतोय, दामू. आपण वळलोय. घरी चाललोय."

त्याने तिच्याकडे पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले ते पाहून रेवाने डोळे मिटून घेतले. इतकी वर्षे तो आपल्यासोबत किती शांतपणे दुःखी होता, हे तिला त्या क्षणी कळले.

डोळे उघडले तेव्हा त्याने तो आनंद आवरला होता. "तुझा पल्लवी ग्रह," तो म्हणाला.

"आहे तिथंच आहे. आपण जात नाही आहोत, एवढंच." आणि मग ती रडली, त्याच्या खांद्यावर डोके टेकून, मूल रडते तशी. तो तिच्या पाठीवर हात फिरवत राहिला. कृत्रिम आकाशात संध्याकाळ होत होती.

थोड्या वेळाने भिंतींमधून कप्तान तेरेझा फर्नांडिस यांचा आवाज आला. त्यांनी काहीही न लपवता सगळे सांगितले. बागेत इकडेतिकडे बसलेले लोक उभे राहिले, काही पुन्हा बसले. कुणीतरी मोठ्याने हसले, कुणीतरी हुंदका दिला. कप्तानांनी शेवटी एक आकडा सांगितला. यान पृथ्वीवर पोचेल तेव्हा, निघाल्यापासून तिथे दोनशेहून अधिक वर्षे गेलेली असतील.

दामोदरचा हात थांबला. भिलवडीतले घर, भाऊ, भावाची मुले, त्यांची मुले. त्यांतले कुणीच नसेल. गावाचे नाव तरी तेच असेल का, कोण जाणे. नदीने पात्र बदलले असेल. लोक कसले कपडे घालत असतील, कसे बोलत असतील, काय खात असतील, गात तरी असतील का.

रेवाने पदराने डोळे पुसले. तीही तेच ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिच्या मनात काहीतरी हळूच सरकले. ती सरळ बसली.

"दामू," तिने विचारले, "तिथं उतरल्यावर पहिल्यांदा काय बघायचं रे?"

दामोदरने मान वर करून मावळत्या कृत्रिम आकाशाकडे पाहिले.

"मला तरी काय माहीत," तो म्हणाला. "मीही कधी तिथं गेलेलो नाही."